एकोणीस झाकणं

२४ एप्रिल

प्रिय ताई,

नौदलाची तार तुला मिळाली असेल. तारेत 'बेपत्ता' लिहिलं आहे, पण त्या शब्दावर आशा ठेवून बसू नकोस. भाऊजी गेले. मी रोज गोदीत असतो, म्हणून खात्रीने सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

१६ तारखेला सकाळी पावणेसातला विमानं आली. भोंगा वाजला तो पहिला बॉम्ब पडून गेल्यावर. मी घरून निघून फाटकापाशी पोचलो होतो. सायकल तिथेच टाकली आणि धावलो, पण धावून करणार काय होतो?

आमच्याकडे तीन मोठ्या जहाजांना थोरली, मधली, धाकटी म्हणतात, हे भाऊजींनी तुला सांगितलं असेल. तिघी एकाच धक्क्याला बांधलेल्या होत्या. मधलीवर तीन बॉम्ब पडले. ती तळाला टेकली, पण सरळ उभी आहे. धाकटी दोन दिवस जळत होती. भाऊजींच्या थोरलीला एकच टॉर्पेडो लागला, कुशीत, आणि बावीस मिनिटांत ती आडवी झाली. भाऊजी खाली पंपांच्या खोलीत होते. दोनशे अकरा माणसं आत राहिली. पाणी एकदम आलं असणार, त्यामुळे खालच्यांना काही कळलंच नसेल.

तेलाचा साठा अजून धुमसतो आहे. हात कितीही धुतले तरी डाग जात नाहीत, कागदाच्या कोपऱ्यावर दिसतीलच. बाहेरच्या माणसांना सध्या बंदरात येऊ देत नाहीत, नाहीतर तुला आणि भाचीला घेऊन गेलो असतो. तिला सांग, मामा आहे.

तुझा
उंद्या


३ मे

चि. उंद्यास आशीर्वाद.

तार आली तेव्हा मी कोर्टात नक्कल करत होते. शिपायाने ती निकालपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. मी काम करताना मान वर करत नाही, तुला ठाऊक आहे. तासाभराने उघडली. तो एक तास मला आता फार मोठा वाटतो.

रडून झालं. भेटायला येणारे येऊन गेले. आता घरात मी, मुलगी आणि माझ्या डोक्यात बसलेला एक प्रश्न. तुझ्या भाऊजींनी मला एकदा टेबलावर आगपेट्या मांडून दाखवलं होतं की जहाज म्हणजे शेकडो बंद खोल्या. एक फुटली तरी बाकीच्या तरंगवतात. म्हणाले होते, एवढ्या मोठ्या जहाजाला एका टॉर्पेडोने आडवं व्हायला चार-पाच तास लागतील, तोवर मी वर येऊन चहा पिऊन घेईन. मग बावीस मिनिटं कशी? मधलीने तीन बॉम्ब खाल्ले आणि ती उभी आहे, असं तूच लिहितोस. मी अडाण्यासारखं विचारत असेन. पण कुठल्याही भोकातून आत शिरायचास म्हणून तुला आपण उंद्या म्हणायला लागलो, आणि पुढे सरकारने त्याचीच नोकरी दिली. जहाजांच्या टाक्यांत उतरून तपासणारा माझा सख्खा भाऊ असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?

किनाऱ्यावरच्या खोलीत त्यांचं सामान असेल. चांगले बूट इकडे पाठवू नकोस, कुणाच्या पायाला आले तर दे. बाकीचं पाठव.

मुलीने नौदलाच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला अर्ज केला आहे. कामी आलेल्यांच्या मुलींना तिथे जागा असतात. बाबांच्याच बंदरात शिकणार म्हणते. मी नको म्हणून पाहिलं. बापावर गेली आहे, ऐकत नाही.

ताई


२० मे

प्रिय ताई,

सामान काल पाठवलं. बूट आमच्या रंगाऱ्याला झाले.

इथे दिवसाचे चौदा तास काम आहे. मधलीखालचा चिखल उपसून तिला सुक्या गोदीत घेतली. तिच्या पोटात तीन भोकं, त्यातल्या एकातून आमचा हातगाडा आरपार जातो. तिला काहीही करून यंदा समुद्रावर पाठवायची, असा वरून हुकूम आहे. धाकटीचं काही राहिलं नाही. तिच्या तोफा काढून टेकडीवर बसवल्या आणि बाकीचं कापून भट्टीला चाललं आहे. थोरली आहे तशीच कुशीवर पडून आहे. जेवायच्या सुट्टीत माणसं तिच्याकडे पाठ करून बसतात. कुणी तसं ठरवलेलं नाही.

बावीस मिनिटांचं विचारलंस. चौकशी समिती नेमली आहे, ते काय ते ठरवतील. टॉर्पेडो कुठे लागला, कसा लागला, पुष्कळ गोष्टी असतात. आगपेट्यांवरून जहाज कळत नाही. गोदीत लोक वाटेल ते बोलतात. तुझ्या कानावर काही आलं तर मनावर घेऊ नकोस.

भाचीचा अर्ज पोचल्याचं मी इस्पितळाच्या कचेरीत विचारून आलो.

तुझा
उंद्या


११ जून

चि. उंद्यास आशीर्वाद.

नौदलाच्या कचेरीचं पत्र आलं. मूळ मी जपून ठेवलं आहे, तुला मजकूर सांगते. हल्ल्याच्या वेळी थोरलीच्या तळातल्या एकोणीस टाक्यांची झाकणं उघडी होती. एका टाकीत शिरलेलं पाणी त्यांतून सगळीकडे गेलं आणि जहाज आडवं झालं. झाकणं उघडण्याची लेखी परवानगी आढळत नाही. ती आदल्या संध्याकाळी जहाजाच्या मुख्य पंपचालकाने उघडली, असे वाचलेल्या खलाशांचे जबाब आहेत. सबब जबाबदारी कै. मुख्य पंपचालकावर येते. फाटकापाशी जो दगड बसवायचा आहे, त्यावर दोनशे दहा नावं येतील. आणि मुलीचा अर्ज नामंजूर.

दोनशे दहा जणांना माझ्या नवऱ्याने मारलं, असा याचा सरळ अर्थ. शेजारच्या बाईंचा भाचा थोरलीवर होता. त्या परवापर्यंत रोज येत होत्या. आता जिन्यात भेटल्या तर पिशवीत काहीतरी शोधायला लागतात.

तू त्यांना माझ्याइतकाच ओळखतोस. वरून हुकूम असल्याशिवाय शर्टाचं बटण उघडणारा माणूस नव्हता तो. दर वाढदिवसाला मी यावरून त्यांची टिंगल करायची. ते आपल्या मनाने एकोणीस झाकणं उघडतील? परवानगीच्या चिठ्ठ्या तुमचं खातं देतं. कुणी सांगितलं होतं ते तुला शोधून काढता येईल. समितीपुढे जाऊन उभा राहा. माझ्यासाठी एवढं कर, पुढच्या जन्मापर्यंत दुसरं काही मागणार नाही.

ताई


३० जून

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुझा राग योग्य ठिकाणी जाईल. नियम असा की एका चिठ्ठीवर एकच टाकी. तपासनीस सही करणार, मग झाकण उघडायचं, तपासायचं, बंद करायचं आणि पुढच्या टाकीकडे जायचं. एका झाकणाला चोवीस नट असतात, तेही गंजलेले. शिवाय उघडलेल्या टाकीतली विषारी हवा जायला पूर्ण रात्र द्यावी लागते, नाहीतर आत उतरलेला माणूस वर येत नाही. नियमाने गेलं तर एका जहाजाला तीन आठवडे लागतील आणि वरचे लोक देतात दोन दिवस. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळी झाकणं एकदम उघडायची आणि चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी मागची वेळ घालून लिहायच्या. याला आम्ही 'वारा देणं' म्हणतो. सगळे तपासनीस करतात, साहेबांना माहीत असतं, आणि कागदावर काही नसतं.

भाऊजींना कुणीतरी तसं तोंडी सांगितलं असेल. मी त्या आठवड्यात धाकटीच्या कामावर होतो. आता समितीचं काम संपलं आहे, बंद झालेली फाइल कुणी उघडत नाही. तू कोर्टातली आहेस, तुला हे मी सांगायला नको. भाचीला दुसरीकडे कुठे शिकता येईल का ते बघ.

तुझा
उंद्या


२१ जुलै

उंद्या,

रविवारी एक माणूस घर शोधत आला. थोरलीचा न्हावी. त्याच्या मानेची कातडी भाजून आवळली आहे, त्यामुळे बाजूला बघायचं तर सगळा वळतो. मुलगी शिकवणीला गेली होती. त्याला चहा दिला. हातात काही धरल्याशिवाय त्याला बोलता येत नाही; चमचा वस्तऱ्यासारखा धरून दोन तास बोलला. जहाजावरच्या निम्म्या लोकांची डोकी कशी होती ते मला आता पाठ आहे.

तो म्हणाला, १५ तारखेला संध्याकाळी पाचला तो तुझ्या भाऊजींची दाढी करत होता. तेव्हा त्यांचा मेव्हणा आला. लुकडा, टाक्या तपासणारा. खुर्चीशेजारच्या बाकावर बसला, यांच्यातला अर्धा चहा पिऊन गेला. न्हावी समितीकडेही गेला होता. तिथल्या कारकुनाने विचारलं, तुमचा झाकणांशी संबंध काय? हा म्हणाला, काही नाही, मी न्हावी. कारकुनाने त्याला बाहेर बसवलं आणि पुन्हा बोलावलंच नाही.

बाकावर बसून मेव्हणा काय बोलला तेही त्याने मला सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. तू लिही.

धाकटीच्या कामावर होतास ना तू त्या आठवड्यात?

ताई


४ ऑगस्ट

ताई,

होय, त्या बाकावर मीच होतो.

त्या शनिवारी मी आणि भाऊजी तुझ्याकडे यायला निघणार होतो. थोरलीच्या टाक्या शुक्रवारपर्यंत उरकल्या नसत्या तर माझी रजा गेली असती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

मी त्यांना म्हटलं, सगळ्या एकोणीस आजच उघडा, वारा लागू दे, चिठ्ठ्या उद्या देतो. ते नको म्हणाले. चार-चार करून उघडू, सगळा तळ एकदम उघडा ठेवायला नको, असं म्हणाले. मी न्हाव्यासमोर हसलो. म्हणालो, "भाऊजी, जहाज बंदरात बांधलंय. ते काय उठून पळणार आहे? चिठ्ठीवाचून हात थरथरत असतील तर ताईला बोलावू का धरायला?"

न्हावी हसला. भाऊजीही हसले, अर्ध्या साबणातले. तोंड पुसून पाना घ्यायला गेले.

१८ एप्रिलला साहेबांनी मला विचारलं, थोरलीसाठी चिठ्ठ्या दिल्या होत्यास का? मी नाही म्हणालो. ते खरंच होतं, दिल्या नव्हत्या. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. तो विचारायचा नसतो हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, कारण वारा द्यायची पद्धत बाहेर आली तर त्यांच्यापासून खालपर्यंत सगळे जातात.

आता इथे टाक्यांत उतरणारे आम्ही तिघेच उरलो आहोत. मला तुरुंगात टाकलं तर मधलीचं काम थांबेल. मधली एकदा समुद्रावर गेली की मी स्वतः समितीकडे जाऊन सांगेन. तोवर थांब. माझी मुलं लहान आहेत.


१४ ऑगस्ट

उंद्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वीस वर्षं नकला केल्यामुळे मला कुठल्याही कागदाचा आधी तळ दिसतो. या पत्राच्या तळाला नाव नाही. आजवर प्रत्येक पत्राखाली होतं, अगदी त्या धाकटीच्या थापेखालीसुद्धा. हे मी समितीपुढे ठेवलं तर कारकून विचारेल, कुणाचं? असे कागद मी स्वतः रोज परत करते. तू भावनेच्या भरात विसरलास असं मी समजले असते, पण टाक्या तपासणारा माणूस विसरत नाही.

त्यांना चिडवलंस, ते मी कधीतरी गिळेन. चेष्टेला घाबरायचे ते, आणि त्याचा फायदा मीही पुष्कळ घेतला आहे. पण साहेबांना 'नाही' म्हणालास, मग घरी येऊन मला पत्र लिहिलंस, त्यांचं सामान बांधलंस, त्यांचे बूट रंगाऱ्याला दिलेस. हे सगळं एकाच माणसाने कसं केलं ते मला कळत नाही.

मधलीची वाट बघायची नाही. दोन ओळी लिही, खाली नाव घाल, तारीख घाल. या वेळी खरी तारीख. पुढच्या मार्चमध्ये इस्पितळाची नवी यादी निघते, त्याआधी तुझ्या भाऊजींचं नाव साफ झालं पाहिजे.

ताई


२२ जानेवारी

प्रिय ताई,

पाच महिने तुला उत्तर दिलं नाही. तुझी दरम्यानची तीन पत्रं मिळाली होती.

मधली नोव्हेंबरात समुद्रावर गेली. बँड होता. मी त्या दिवशी समितीकडे जायचं ठरवलं होतं, आणि त्याच सकाळी मला मुख्य तपासनीस केल्याचं पत्र हातात ठेवलं. मी गेलो नाही.

आता जे लिहितो ते नीट वाच. या महिन्यात थोरली सरळ केली. धक्क्यावर एकवीस यंत्रं बसवून तारांनी ओढली, बारा दिवस, इंचाइंचाने. दुरुस्त करायची नाही, पोलाद हवं म्हणून कापायची. पाणी उपसल्यावर आत पहिला उतरणारा मी. खालच्या मजल्यावर गेलो आणि झाकणं मोजली. बारा उघडी होती. सात बंद होती, ताई. प्रत्येकाला चारच नट, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, घाईघाईत लावावेत तसे. आठव्या झाकणापाशी भाऊजी होते. पाना आणि चाव्यांचा जुडगा होता, म्हणून ओळखता आले. झाकण जागेवर बसवलेलं, एक नट लागलेला. वर जायचा जिना तिथून दहा पावलांवर आहे.

आमचा इंजिनिअर म्हणतो, ती सात उघडी असती तर जहाज आठ-दहा मिनिटांत गेलं असतं. वरचे दीडशे लोक त्यामुळे उतरू शकले. न्हावी त्यातलाच.

मी अहवाल लिहिला. पहिल्या परिच्छेदात हे सगळं. दुसऱ्यात, झाकणं माझ्या तोंडी सांगण्यावरून उघडली होती, असं. खाली सही केली. खरंच केली. साहेबांनी वाचला आणि पहिल्या परिच्छेदाखाली कागद दुमडला. म्हणाले, "एवढ्याने तुझ्या भाऊजींचं नाव दगडावर येतं. खालच्याने कुणाचं काय भलं होणार आहे? बाहेर एक चक्कर मारून ये आणि सांग."

मी दोन चकरा मारल्या. मग आत येऊन पहिला परिच्छेद नव्या कागदावर उतरवून दिला.

समितीने निष्कर्ष बदलला आहे. टॉर्पेडोच्या हादऱ्याने झाकणं निखळली, आणि मुख्य पंपचालकाने प्राण देऊन त्यातली सात बंद केली. दगडावर त्यांचं नाव सगळ्यात वर येणार. भाचीचं नाव मार्चच्या यादीत आहे, मी स्वतः पाहिलं. एक अधिकारी तुझ्याकडे कागद घेऊन येईल, त्यावर सही कर. तुला जे हवं होतं ते सगळं झालं, ताई. आता तरी मला लिही.

तुझा
उंद्या


१६ फेब्रुवारी

उंद्या,

अधिकारी आला होता. सभ्य माणूस, बसायला तयार नव्हता. कागद एकच होता: निष्कर्ष मान्य आहे, पुढे कसलीही तक्रार करणार नाही. मी तो माझ्या सवयीने शब्द न् शब्द वाचला. 'हादऱ्याने निखळली' इथे बोट ठेवून विचारलं की चोवीस नट लावलेलं झाकण निखळतं का? त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "बाई, दगड कोरायला गेला आहे."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इस्पितळाने पाठवलेली सामानाची यादी तिच्या हातात होती, दोन पांढरे पोशाख, एक जोडी बूट, असली. मी सही केली. हात अजिबात थरथरला नाही, याचं मला नंतर वाईट वाटलं.

तुझं ऑगस्टचं पत्र फाडून टाकलं. माझी सही झाल्यावर ते खोटं ठरतं. न्हाव्यालाही कळवलं की आता कुठे जाऊ नका. त्याने उलट लिहिलं की त्यांची ती दाढी अर्धीच राहिली होती. बाकी काही लिहिलं नाही.

इतके महिने, तू गप्प कसा बसू शकलास, हे मला कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं, पेन टेबलावर ठेवता ठेवता. कळल्यामुळे तू मला जवळचा वाटशील अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक. मला तुझं तोंड बघायचं नाही, आणि आरशातही मी हल्ली कामापुरतीच बघते. दगड बसवायच्या दिवशी मी येणार नाही. तब्येत बरी नाही असं सांग. सांगता येईल तुला.

मुलींच्या वसतिगृहाची खोली १ एप्रिलनंतर मिळणार आहे. तोवर मामाकडे राहते, असं तिने आपलं आपणच ठरवलं. घर इस्पितळापासून दोन गल्ल्यांवर, मामी प्रेमळ, मामेभावंडं खेळायला. नको म्हणायला मला एकच कारण होतं आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारी सकाळच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर तू स्वतः जा, बायकोला पाठवू नकोस.

तिने नौदलाची दोन्ही पत्रं बरोबर घेतली आहेत, जूनचं आणि आताचं. काल रात्रीचं जेवण झाल्यावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बसली होती. म्हणाली, आई, यात म्हणतात बाबांनी उघडली, यात म्हणतात आपोआप निखळली. नक्की झालं काय होतं?

मी म्हटलं, मामाला विचार.

ताई